शाळेत न जाणारी मुलं

दोन हजार आठ साली मी पुण्याबाहेर नांदे गावाजवळच्या एका सोसायटीत सात मुलांना विचार करायला शिकवत होते. हसू नका, मला कामावर घेताना असंच सांगितलं होतं. मुलं अकरा ते तेरा वर्षांची, आईवडील हिंजवडीच्या कंपन्यांत. शाळेत मुलांची बुद्धी मरते असं त्यांचं ठाम मत, म्हणून मुलांना काढून घरी शिकवायला घेतलेलं. गणित-इंग्रजी पालक बघायचे. मी लातूरला आठ वर्षं शाळेत शिकवून नवऱ्याच्या नोकरीमागं इकडं आलेली. माझ्याकडं जीवनकौशल्यं आणि चिकित्सक विचार, आठवड्यातून तीन सकाळी, क्लबहाउसच्या वरच्या खोलीत.

जीवनकौशल्यं म्हणजे काय, तर मुलांनी आपापलं ताट घासायचं, आयांनी फोटो काढायचे, आणि मुलं उठली की कामवाल्या मावशींनी तीच ताटं पुन्हा घासायची. पहिल्याच महिन्यात हे पाहिलं तेव्हा मला शिसारी आली होती. पण मी बोलले नाही. मला काम हवं होतं.

मग एका आईनं 'ग्रामीण जीवनाचा अभ्यास' काढला. तिनं घरी बसून एक फॉर्म तयार केला होता. घरात संडास आहे का? रोज दात घासता का? जेवणाआधी हात कशानं धुता? शाळाबाह्य मुलं किती? मी तो तिथंच फाडायला हवा होता. त्याऐवजी क्लिपबोर्ड वाटले आणि मुलांना घेऊन शेजारच्या चांदे गावाच्या रस्त्याला लागले.

रस्त्याकडेला एका मेंढपाळ कुटुंबाचं पत्र्याचं घर होतं. घरची बाई अंगणात एका कोकराच्या पायाला हळद लावत बसली होती. माझ्या वर्गातली एक चष्मेवाली मुलगी पुढं झाली. दातांचे आणि हातांचे प्रश्न झाले, बाईनं न चिडता उत्तरं दिली. मग चष्मेवालीनं विचारलं, "काकू, तुमच्या घरात शाळेत न जाणारं मूल आहे?"

"हाय की. ही काय माझी पोरगी. मागल्या साली सोडली साळा. बकऱ्यांमागं कोन जानार?"

दारात बारा वर्षांची पोर उभी होती. चष्मेवालीनं लिहिलं, शाळाबाह्य, एक.

"आन तुमी गं? आज तर सुट्टी न्हाई. तुमी न्हाई व्हय जात साळंत?"

"नाही. आम्ही घरीच शिकतो."

"अगं बया! मंग माझी बी घरीच हाय की. तिचंच का लिवतीस?"

चष्मेवालीची पेन्सिल थांबली. तिनं फॉर्म पुन्हा वाचला आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "बाई, एक तर हा एक खोडायला पाहिजे, नाहीतर आमचेही सात लिहायला पाहिजेत." इतका स्वच्छ विचार मी मोठ्या माणसांच्या तोंडूनही फारसा ऐकलेला नाही. मग तिनं दारातल्या पोरीला विचारलं, "तू येशील आमच्या वर्गात?" पोरीनं आईकडं पाहिलं. आई म्हणाली, "सकाळच्याला दोन तास जाऊ दे. बकऱ्या मी बघीन." मी लगेच हो म्हणाले.

ती चार वेळा आली. दर वेळी सोडलेल्या शाळेचाच गणवेश धुऊन घालायची, तेवढाच एक चांगला कपडा होता तिच्याकडं. एकदा मी मुलांची उंची वाढवणाऱ्या पावडरीची जाहिरात वर्गात ठेवली. आमची मुलं 'स्रोत विश्वासार्ह आहे का' वगैरे पाठ केलेलं बोलली. ती म्हणाली, "पोरं तशीबी वाढत्यातच की. आमची कोकरं बी वाढत्यात, त्यास्नी कोन पावडर देतंय?" सगळ्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मला नोकरीत पहिल्यांदा बरं वाटलं.

ती पाचव्यांदा येण्याआधी पालकांची सभा भरली. एकीला बकऱ्यांच्या वासाची काळजी, दुसरीला इन्फेक्शनची. एकीचा मुलगा घरी 'न्हाई' म्हणाला होता. शाळा मुलांना साच्यात घालतात यावर पहिल्या दिवशी मला तासभर ऐकवणारे गृहस्थ म्हणाले, "काहीतरी सिलेक्शन हवं ना." आणि शेवटी सगळ्यांचं एकमत झालं, की वर्गाला न येणं हे त्या मुलीच्याच भल्याचं आहे.

चष्मेवाली दाराशी उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "पण तुमच्यातलं कुणी तिला भेटलेलंच नाही. वास येतो हे तुम्हाला कसं माहीत?"

"मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नसतं," तिची आई म्हणाली.

असे प्रश्न विचारायला शिकवण्यासाठीच मला ठेवलं होतं. त्या खोलीत बसवेना, इतकी किळस आली मला त्या लोकांची. पण मी काय केलं? "ती हुशार आहे हो," एवढंच पुटपुटले. "अर्थातच," ते गृहस्थ म्हणाले, "तुम्हीच सांगा तिला. तुम्हाला त्यांच्याशी बोलायला जमतं." मी होकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सोसायटीच्या फाट्यावर माझी वाट बघत होती. तेल लावून घट्ट वेण्या घातलेल्या, अंगात तोच गणवेश.

"वर्ग बंद झाला गं," मी म्हणाले.

"कवापासनं?"

"कालपासून."

तिनं माझ्या काखेतली कागदांची चळत पाहिली, हातातली खडूंची पेटी पाहिली. "मंग तुमी कुटं निगालाय?"

"पौडला. तहसील कचेरीत काम आहे."

तेवढ्यात खरोखरच पौडची एसटी येताना दिसली. ड्रायव्हर फाट्यावर थांबतोच असं नाही. ती पोर पळत रस्त्याच्या मध्यापर्यंत गेली आणि दोन्ही हात वर करून तिनं माझ्यासाठी गाडी थांबवली. "चला बाई, आली तुमची गाडी."

मी चढले. पौडला उतरून परतीच्या गाडीची वाट बघत स्टँडवर बसून राहिले. पुढच्या वर्गाला मी शेतातून वळसा घालून सोसायटीच्या मागच्या फाटकानं गेले, आणि त्यानंतर दीड वर्ष, ते काम सुटेपर्यंत, दर वेळी तिथूनच गेले.