पाण्यात टाकलेला रांजण

नऊ जानेवारीला भट्टी भरायची होती. कला महाविद्यालयाच्या सिरॅमिक विभागाची भट्टी माझ्याकडे असते, त्यामुळे प्रत्येक कच्चं भांडं मी टिचकी मारून तपासते. एम.ए.च्या शेवटच्या वर्षातल्या रेवतीचा रांजण बद्द वाजला. बुडाला केसाएवढी चीर होती.

"मॅडम, बुजवली तर? परीक्षकांना दिसणार नाही."

"परीक्षकांना नाही दिसणार. भट्टीला दिसेल."

प्रदर्शन पाच आठवड्यांवर आलं होतं आणि या रांजणात तिचे दोन महिने गेले होते. तिने चिरेवरून एकदा बोट फिरवलं. मग तिनेच तो फोडून पाण्याच्या टबात टाकला.

खडखडीत वाळलेली माती पाण्यात बुडबुडे सोडत भराभर विरघळते. अर्धवट ओली मात्र गोळा धरून बसते. आम्ही दोघी बघत राहिलो. एकदा भाजल्यावर ही सोय नसते. माझ्या वयाची माणसं बहुतेक भाजून झालेली असतात. तिचा मला थोडा हेवा वाटला.

"पुन्हा होईल ना, मॅडम?"

"होईल. या वेळी जरा लहान कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती यायच्या आत मी तो गाळ चाळणीतून गाळला आणि पाणी शोषणाऱ्या प्लास्टरच्या लादीवर पुन्हा मळण्याजोगा सुकायला घातला.