सांगलीच्या अण्णांकडे जावं की नको

आमच्या विट्याकडं गलाईवाल्याच्या घरात पैसा नाही असं सांगितलं तर लोक हसतात. गलाई म्हणजे सोनं वितळवून शुद्ध करायचं काम. आमच्या ह्यांनी त्यासाठी पार दक्षिणेत दुकान टाकलं होतं. बहात्तरच्या दुष्काळानंतर दोनेक वर्षांनी भागीदाराशी बिनसलं, दुकान गेलं आणि हे घरी परतले. इथल्याच एका सराफाकडं पगारावर लागले. गावाला मात्र सांगितलं, "तिकडचं दुकान माणसं बघत्यात."

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण त्या वर्षी ग्रामदेवीच्या यात्रेला ह्यांनी उसने पैसे काढून वर्गणी दिली. गलाईवाल्यांची वर्गणी सगळ्यांत मोठी, हा रिवाजच. कर्ण्यावरून नाव पुकारलं तेव्हा ह्यांची मान ताठ झाली. एवढे पैसे आणले कुठनं, असं माझ्या मनात आलं, पण मी विचारलं नाही. त्याआधीची देणी होतीच. ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर, असा सगळा कारभार चालला होता.

मग ह्यांच्या एका मित्रानं तोड काढली. घर त्याच्याकडं गहाण टाकायचं, तो सगळी देणी एकदम भागवणार, मग त्याच्या एकट्याचं फेडत बसायचं. हे तयारही झाले. दोन खोल्यांचं का होईना, डोक्यावरचं छप्पर होतं ते. मी अडून बसले.

माझं माहेर सांगलीचं. तिथं पेढीवर आयुष्य काढलेले एक म्हातारे जैन गृहस्थ होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. रविवारी सकाळी ते सोप्यात बसायचे आणि कर्जात रुतलेल्यांना वाट दाखवायचे. स्वतः पैसे देत नसत, घेतही नसत. घेणेकऱ्यांशी बोलून व्याज कमी करून घ्यायचे, हप्ते बांधून द्यायचे.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," हे म्हणाले. "ती सांगलीत नेऊन उघडायची व्हय?"

"आवं, पर मुठीत हाय काय?" मी म्हणाले. "एकदा ऐकून तर घेऊ."

खरं सांगते, मलाही धाकधूक होतीच. फी न घेणाऱ्या माणसात काहीतरी गोम असणार, असं आपलं मला वाटायचं.

पुढच्या रविवारी हे कसेबसे सांगलीला आले. मित्राची तोड ऐकून घेऊन अण्णांनी आधी एकच विचारलं, "घरखर्च भागून महिन्याला काय उरतं का?"

हे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणाले, "थोडं उरतं. वर्गणी न्हाई दिली तर."

"उरत नसतं तर मी तुमाला परत लावून दिलं असतं," अण्णा म्हणाले. "तिथं माझा उपयोग न्हाई, कायतरी विकूनच मोकळं व्हावं लागतं. मैतर तुमचा चांगला असंल. पर आज देणी नुसत्या शब्दावर हैत, उद्या घरावर चढतील. माझ्याकडं यायचं तर नवं कर्ज न्हाई, आणि एक बी देणं लपवायचं न्हाई. हप्ता चुकला की तुमच्याबरोबर माझा बी शब्द जातो."

येणाऱ्याला परत लावणारा माणूस फसवायला बसलेला नसतो, एवढं मला कळलं. ह्यांनी खाली मान घालून सगळं सांगितलं, वर्गणीसुद्धा. सगळ्या वाटेनं मी "खरं बोला, खरं बोला" म्हणून त्यांना टोचत आले होते. मला बरं वाटलं.

तेवढ्यात अण्णांनी विचारलं, "ताई, तुमचं काय?"

मी हात पदराखाली घेतले. भाचीच्या लग्नात मी पाटल्या गहाण टाकून आहेर केला होता. गलाईवाल्याची बायको हलका आहेर कसा करणार? हातात होत्या त्या सोन्याचं पाणी दिलेल्या पितळेच्या. ह्यांना यातलं काही माहीत नाही, असं मी धरून चालले होते. ते सगळं मी जमिनीकडं बघत सांगून टाकलं.

"मला ठाव हाय," हे म्हणाले. "दिवाळीपास्नं."

"आन् बोलला न्हाईसा?"

"सोनं वळखायचाच धंदा हाय माझा. पर बोललो असतो, तर तू इचारलं असतंस, यात्रेचं पैसं कुठनं आणलं."

मला इतका राग आला की रडूच फुटलं. अण्णा पाणी आणायला म्हणून आत गेले आणि बराच वेळ आले नाहीत. ते आल्यावर हे आपणहून म्हणाले, "अण्णा, आमचं काम घ्या. मैतराला मी उद्या न्हाई म्हणून सांगतो."

परतीच्या एसटीत हे म्हणाले, आधी पाटल्या सोडवू. मी म्हणाले, आधी जास्त व्याजाचं देणं. त्यावरून अशी जुंपली की कंडक्टरनं मागं वळून बघितलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच आम्ही पैशावरून मोठ्यानं भांडत होतो, आणि मला लय हलकं वाटत होतं.