हळदीचा रोल

आमच्या घरात कॅमेऱ्याचा अर्धा रोल धुवायला टाकणं म्हणजे गुन्हा. वडील वागळे इस्टेटमध्ये फिटर. रोल छत्तीसचा, तर फोटोही छत्तीसच निघाले पाहिजेत, हा त्यांचा कायदा. आणि रोल संपला की त्याच दिवशी स्टुडिओत. त्यामुळे आमच्या डोंबिवलीच्या अल्बममध्ये गणपतीच्या आरतीनंतर एकदम प्रेशर कुकर आणि शेजाऱ्यांची मांजर येते.

पुढे मी वर्तमानपत्राचा फोटोग्राफर झालो आणि जिथे गोळीबार चाले तिथे जाऊ लागलो. हे वडिलांना माहीत होतं. आईला सांगायची आम्हा दोघांची हिंमत नव्हती. तिने गळ्याची शपथ घातली असती आणि मग माझं जाणं कायमचं बंद. तिच्या लेखी मी दिल्लीत मंत्र्यांच्या हारतुऱ्यांचे फोटो काढत होतो. "बसून काम आहे त्याचं," असं ती कौतुकाने सांगायची.

बहिणीच्या हळदीला मी थेट सीमेवरून उगवलो. ऑफिसचे रोल वाटेत दिल्लीत दिले होते, पण माझ्या स्वतःच्या कॅमेऱ्यात एक अर्धवट रोल होता. तो वाया कसा घालवायचा? हळदीत संपवला. वडिलांनी कायद्याप्रमाणे लगेच स्टुडिओत नेऊन दिला. रोलच्या पहिल्या अर्ध्या भागात काय आहे, याचा विचार दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही.

फोटो आले तेव्हा बिल्डिंगमधल्या बायका आमच्या सतरंजीवर जमल्या. आईने पाकीट उघडलं. पहिला फोटो जळालेल्या ट्रकचा. मग खंदकात चहा पिणारे जवान. मग डोक्यावर लोखंडी टोप घातलेला मी. तो एका जवानाने हौसेने काढलेला. वडिलांनी पेपरात तोंड खुपसलं.

"अगं बाई, हा कुठे गेलेला?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

आईने फोटो डोळ्यांजवळ नेला.

"पिक्चरचं शूटिंग होतं," ती म्हणाली. "टोप बघा ना, केवढा मोठा दिलाय मेल्यांनी!"

पुढचा फोटो हळदीने माखलेल्या मावशीचा होता. सगळ्या खदखदून हसल्या. आईही हसली आणि टोपाचा फोटो तिने पाकिटाच्या तळाशी सरकवला.

निघायच्या दिवशी आता शपथ येणार, म्हणून मी जीव मुठीत धरून बसलो होतो. तिने बॅगेत लाडवांचा डबा कोंबला.

"मंत्र्यांना सांग, टोप मापाचा द्या म्हणावं," ती म्हणाली. "आणि तुझ्या कॅमेऱ्यातला रोल संपवायचा नाही. शेवटचे चार फोटो घरी येऊन काढायचे."

वडिलांनी पेपरातून मान वर केली. घरच्या कायद्यात नवं कलम येत होतं. त्यांनी फक्त पान उलटलं.

त्यानंतर समोर काहीही चाललेलं असो, त्या कॅमेऱ्यावर बत्तीसचा आकडा आला की मी थांबायचो. घरी पोचलो की आई दारातच कॅमेरा मागून घ्यायची. आधी तो आकडा बघायची आणि मग माझ्याकडे.