आई कोणाला हाकलत होती

माझी आई ओरडायची मजुरी करायची. ऐकायला गंमत वाटते, पण आमच्या घरात तीन माणसं त्या ओरडण्यावर जेवत होती. शेत नव्हतं. मी तिसरीत असताना बापाचं एक अंग लुळं पडलं, तेव्हापासून तो दारातल्या खाटेवर. आई माझ्या जन्माआधीपासूनच लोकांच्या शेतांची राखण करायची. झुंजूमुंजू व्हायच्या आत ती शेताच्या धुऱ्यावर जाऊन उभी राहायची. रानातून रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप उतरायचा, एकेक जनावर घोड्याएवढं. एका सकाळीत अर्धा एकर सोयाबीन साफ करतात. आईच्या एका हातात गोफण, दुसऱ्या हातात पत्र्याचा डबा. पण रोही डब्यापेक्षा तिच्या आवाजाला जास्त भ्यायचे. ‘हाऽऽर्र, हाड हाड हाड!’ तो आवाज पोटातून यायचा, आणि ओरडताना तिचं तोंड असं व्हायचं की लहानपणी मी तिकडे पाहत नसे.

हंगामभर तिचा गळा बसलेला असायचा. घरी आली की खुणेनंच बोलायची. मीठ दे, पाणी दे, बापाची कूस बदल, सगळं हातानं. ज्वारीवर पोपट उतरायला लागले की मलाही सोबत न्यायची. “मोठ्यानं वाच,” म्हणायची. मी मचाणावर बसून भूगोल आणि नागरिकशास्त्र बोंबलून वाचायची आणि पोपट उडायचे. माझं शिक्षण असं झालं. पुढे एसटीनं यवतमाळला जाऊन कॉलेज केलं, बी.ए. झाले. आमच्या भावकीत माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हे मी कुठंही सांगते. मोठेपणा वाटतो, तो लपवतही नाही.

मग मी बाभुळगावला एका सेवा केंद्रात लागले. दिवसभर लोकांचे फॉर्म भरायचे, दाखले काढून द्यायचे. आईनं राखण सोडली आणि गावच्या शाळेत खिचडी शिजवायला लागली. तिच्या जोडीला मुसलमान मोहल्ल्यातली एक बाई होती. मी तिला खाला म्हणते, आई तिला भाभी म्हणते. चूल आईनं पेटवायची, तांदूळ आईनं धुवायचे, मीठ मात्र खालानं टाकायचं. आईचे आठवड्याला दोन उपास, तिला चाखता येत नाही, म्हणून पहिल्याच महिन्यात हे ठरलं आणि मग उपास नसला तरी तेच चालू राहिलं. पंधरा वर्षं आईनं खिचडीच्या गंजात मीठ टाकलं नाही.

सिनेमावाले आले ते दोन वर्षांपूर्वी. फार मोठा दिग्दर्शक, ज्याचं नाव आमच्या पानठेल्यावरही सगळ्यांना ठाऊक. गावामागची टेकडी त्याला पसंत पडली होती. एका दिवसाचं काम, गर्दीसाठी तीस बाया पाहिजेत, अंगावरचेच कपडे, मजुरी आणि जेवण. खाला आली नाही, तिच्या घरी त्या दिवशी पाहुणे होते.

शूटिंगच्या आधी एक कागद आला. इंग्रजीत, दोन पानं. बायांनी तो सरळ माझ्या हातात दिला. “वाच वो, कायले शिकवलं तुले मंग?” मी उभ्यानं वाचला. त्यात एक ओळ होती, की हे चित्र आणि हा आवाज कंपनी कशाही संदर्भात, कशाहीसोबत जोडून वापरू शकेल. ती ओळ मला कळली नव्हती असं नाही. कळली होती. पण रोज शंभर कागद हाताखालून जातात, असल्या ओळी सगळ्यांवरच असतात, असं मी धरून चालले. बायांना म्हणाले, “काही नाही, चेहरा दिसला तं चालते का, एवढंच विचारून राह्यले.” तीस बायांनी सह्या-अंगठे केले. खाली साक्षीदार म्हणून माझी सही, नावापुढं बी.ए. लिहून.

मग त्यांना ओरडायला सांगितलं. बाया लाजून हसायला लागल्या. दिग्दर्शकाचा माणूस वैतागला. “अहो, कोणाला तरी हाकलून देताय असं ओरडा.”

आईनं विचारलं, “रोह्याले हाकलतो तसं?”

त्याला रोही माहीत नव्हता. “हां हां, तसंच.”

आई पुढं झाली, पदर खोचला, रिकामा हात गोफणीसारखा फिरवला आणि ओरडली. खुर्चीवर बसलेला दिग्दर्शक उठून उभा राहिला. आईपाशी आला, तिला हात जोडले आणि पुन्हा एकदा करायला लावलं. वर्षभर आई ते सांगत होती. “एवढा मोठा माणूस, मले हात जोडले त्यानं.” खालानं ते इतक्यांदा ऐकलं की शेवटी म्हणायची, “बस कर बाई, आता मलेच पाठ झालं.”

सिनेमा एका जुन्या दंगलीवरचा आहे, हे आम्हाला नंतर टीव्हीवरून कळलं. तो यायच्या आधीच भांडणं सुरू झाली. कोणी म्हणे सगळं खरं दाखवलं, कोणी म्हणे सगळं खोटं, कोणी कोर्टात गेलं. तारीख पुढं ढकलली, पुन्हा ढकलली. आमच्या पानठेल्यावर रोज संध्याकाळी दोन बाजू पडायच्या. पाहिला कोणीच नव्हता. पण आमची टेकडी त्यात आहे म्हणून वाट सगळेच पाहत होते.

ट्रेलर आला त्या दिवशी मी सुट्टीवर होते. मोबाइल घेऊन धावतच शाळेच्या खिचडीच्या शेडमध्ये गेले. आई आणि खाला, दोघींच्या मधोमध मोबाइल धरला.

काही मुसलमान कुटुंबं डोक्यावर बोचकी, कडेवर लेकरं घेऊन गल्लीतून पळत आहेत. आणि मग पडदाभर माझी आई. पदर खोचलेला, हात फिरतोय, दात दिसतायत. ‘हाऽऽर्र, हाड हाड हाड!’ पुन्हा पळणारी माणसं. संपलं.

आई म्हणाली, “हे लोकं कोठी होते? आमच्यापुढं तं कोणीच नव्हतं.”

खालानं मोबाइल हातात घेतला, पुन्हा एकदा पाहिलं, मला परत दिला. “चांगला आला तुझा फोटो,” ती आईला म्हणाली, आणि गंजात पळी फिरवायला लागली. मीठ टाकलं, चाखलं, झाकण ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती कामावर आली नाही. तिसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी सांगितलं, तिच्या मुलानं रजेचा अर्ज आणून दिला.

पुढचे दिवस मी मोजले नाहीत. पानठेल्याच्या दोन्ही बाजू आमच्या दारात आल्या. एका बाजूला आईचा सत्कार करायचा होता. दुसऱ्या बाजूला आईनं सिनेमावाल्यांवर तक्रार करावी असं वाटत होतं, आणि तक्रारीत काय लिहायचं ते त्यांनी लिहूनच आणलं होतं. बोरी अरबहून मावशीचा फोन आला, तिथं बाजारात लोक तिला विचारतात, तुमचीच बहीण का ती. आई सगळ्यांना एकच सांगायची, “मी रोह्याले हाकलत होती.” एक बाजू हसायची, म्हणायची, “हो काकू, रोहीच तं!” दुसरी म्हणायची, “काकू, आता तसं सांगून कसं चालीन?”

मी कंपनीला इंग्रजीत ईमेल लिहिला. तुमचा निरोप मिळाला, असं आपोआप येणारं उत्तर आलं. आणखी तीन लिहिले, तेच उत्तर तीनदा. यवतमाळला एका वकिलाकडं कागद घेऊन गेले. त्यांनी दोन्ही पानं सावकाश वाचली, शेवटी साक्षीदाराच्या सहीवर बोट ठेवलं.

“हे बी.ए. कोण?”

“मीच.”

“इंग्रजी होतं कॉलेजात?”

“हो.”

त्यांनी कागद घडी करून माझ्यापुढं सरकवला. फी घेतली नाही, त्याचंच मला जास्त लागलं.

शाळेत आई एकटीच शिजवत होती. मीठ कधी जास्त, कधी विसरलेलंच. मोहल्ल्यातली लेकरं घरून डबा आणायला लागली आणि वेगळी बसायला लागली. मधल्या सुट्टीत बाकीच्यांचा एक नवा खेळ निघाला. एकानं ‘हाऽऽर्र, हाड हाड’ करायचं आणि दुसऱ्यांनी पळायचं. आई शेडमधून ऐकायची. एकदा झाडू घेऊन बाहेर आली, पण ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटून आत गेली. काय ओरडणार? तिच्याकडं तो एकच आवाज होता.

सत्कारवाले शेवटी न विचारताच आले, शाळा सुटायच्या वेळी, शाल-नारळ आणि फोटोवाला घेऊन. आई भांडी घासत होती. हातांना राख तशीच. तिनं त्यांना सांगितलं, चांगलं ठणकावून, मी बाजूलाच होते, “मी माणसाले नाही हाकललं. रोह्याले हाकललं. शाल द्याची तं जा, रोह्याले द्या!” ते खो खो हसले, शाल तिच्या खांद्यावर टाकली आणि फोटो काढला. व्हिडिओही काढला. संध्याकाळी तो सगळ्या मोबाइलवर आला. त्यात आई तावातावानं हात करून बोलते आहे, खांद्यावर शाल पडते, आणि तिच्या बोलण्याच्या जागी गाणं वाजतं. तिचं तोंड हलतं. आवाज नाही.

त्या रात्री आई जेवली नाही. सकाळी मला म्हणाली, “तू लिहून दे. मराठीत लिही, साऱ्यायले समजीन असं.” मी लिहिलं. शूटिंगच्या दिवशी आमच्यापुढं कोणी नव्हतं, आम्हाला हाकलायला सांगितलं, आम्ही रोह्याला हाकलतो तसं ओरडलो, दुसऱ्या कोणाला नाही. पुन्हा त्याच तीस बायांना बोलावलं. काही जणींच्या घरून नको म्हणाले, तेवीस आल्या. या वेळी अंगठ्याआधी मी प्रत्येक ओळ दोनदा वाचून दाखवली. एक प्रत हेडमास्तरांना दिली आणि दुसरी घेऊन मी आणि आई खालाच्या घरी गेलो.

खालाचा मुलगा माझ्याच वयाचा, शाळेत माझ्याच वर्गात होता. त्यानं कागद वाचला. “ताई,” तो म्हणाला, “आधीचा कागदही तूच वाचला होता नं?”

“हो, मीच.”

खाला आतून आली. आईनं तिला काही समजावून सांगितलं नाही, आणि खालानं विचारलंही नाही. म्हणाली, “तुझा आवाज मले मालूम नाही का? आमच्या मागच्याच वावरात ओरडत होती तू. माह्या लेकराचा पाळणा त्या आवाजात हलवला मी. मी नाराज नाही, बाई. पण बजारात याले तो व्हिडिओ दाखवून विचारतात, पाह्यला का. हा म्हणते, अम्मी, घरातच राह्य.”

“मंग?” आई म्हणाली.

“मंग काय. तू काय करशीन, अन् मी काय करीन?”

खालानं चहा केला, आम्ही प्यालो. निघताना खालानं विचारलं, “मीठ कोण टाकते आता?”

“मीच टाकतो.”

“मालूम आहे. आमच्या गल्लीतल्या पोट्ट्यायनं एक दिवस खाऊन पाह्यलं होतं. खारट जहर, म्हणे.”

आई हसली. ट्रेलरच्या दिवसापासून ती पहिल्यांदा हसली, आणि हसता हसताच पदर डोळ्यांना लावला.

सिनेमा अखेर लागला. मी यवतमाळला जाऊन पाहिला, एकटीनं. आई त्यात आहे, ट्रेलरमध्ये होती तेवढीच, त्याच माणसांच्या मधोमध. बाहेर पडताना माझ्या पुढचे दोघं म्हणत होते, एवढं काही नव्हतं यार यात. आता पानठेल्यावर दुसऱ्याच गोष्टीवरून भांडण आहे. तेवीस अंगठ्यांचा कागद हेडमास्तरांच्या फायलीत आहे. कंपनीचं उत्तर आलं नाही, येणारही नाही. सेवा केंद्रात मी आता कोणताही कागद पूर्ण वाचून सांगितल्याशिवाय सही घेऊ देत नाही, त्यामुळं रांग वाढते आणि लोक माझ्यावर चिडतात.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, त्या दिवशी खाला कामावर आली. मुलगा तिला गाडीवर सोडतो आणि घ्यायला येतो. मोहल्ल्यातल्या लेकरांपैकी निम्मी पुन्हा ताट घेऊन रांगेत बसतात, बाकीची अजून डबा आणतात. खिचडीत मीठ खाला टाकते.