शेवटच्या पिस्टनची रिंग

रिंगा चढवायच्या दिवशी लधाराम मिस्त्री अंगठ्यांची नखं कापत, साबणाने हात धूत आणि धूळ येऊ नये म्हणून गॅरेजच्या दाराला ओलं गोणपाट लावत. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, त्याला बाहेर थांबावं लागे. आम्ही म्हणायचो, मिस्त्री सोवळ्यात आहेत.

फाळणीनंतर कराचीहून आलेला हा माणूस. उल्हासनगरच्या कॅम्पात एका बराकीच्या कडेला पत्रे ठोकून त्यांनी गॅरेज काढलं. मी जवळच्या मोरिवलीचा; कारखान्यातली नोकरी सुटली तेव्हा बायकोमुलांचा धनी होतो, तरी त्यांनी मला शिकाऊ म्हणून ठेवून घेतलं. भाषा सगळी हिंदी, मध्येच सिंधी; भावाला अदा, मोठ्या माणसाला साईं. जोर लावताना दिसलो की म्हणायचे, “अदा, लोहे से कुश्ती नहीं करनी है.” एक नियम मात्र ते कराचीहून घेऊन आले होते. ज्याने इंजिन खोललं, त्यानेच ते बंद करायचं. दुसऱ्याचा हात मध्ये नको.

त्या वर्षी बदलापूरच्या डॉक्टरांची जुनी विलायती मोटार आली. इंजिन धूर ओकत होतं. मुंबई पालथी घातल्यावर त्या मापाच्या रिंगांचा एकच संच मिळाला. पिस्टनची रिंग म्हणजे ओतीव लोखंडाची, एका जागी कापलेली बांगडीच. अंगठ्यांनी तिचं तोंड उघडून ती पिस्टनवर चढवायची. केसभर जास्त ताणली की तुटलीच. आणि चिखलोलीच्या पलीकडच्या एका पहिलटकरणीचे दिवस भरले होते; तिच्याकडे डॉक्टरांना याच मोटारीने जायचं होतं. डॉक्टर बाहेर येरझारा घालत होते.

शेवटच्या पिस्टनची वरची रिंग तेवढी राहिली. मिस्त्रींनी ती उचलली आणि मला त्यांचे अंगठे थरथरताना दिसले. हल्ली चहाची बशी ते दोन्ही हातांनी का धरतात, ते मला तेव्हा कळलं. रिंगचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा जरा जास्तच उघडलं. बोलावं तर ते दचकतील, गप्प राहावं तर ती तुटेल.

त्यांनी रिंग हळूच फडक्यावर ठेवली.

“दत्तू, हाथ धो के आ.”

मी नाही म्हणालो. इंजिन तुम्ही खोललंय, याची त्यांना आठवण दिली. त्यांनी साबण माझ्यापुढे सरकवला.

मी रिंग हातात घेतली. ते कानाशी पुटपुटत होते, उघड, बस, आता खाली, वाकडी नको. रिंग पिस्टनच्या काठावर अडली. मी घाबरून रेटणार, तोच ते म्हणाले, “रुक. साँस ले.” मी श्वास सोडला आणि ती आपसूक खाचेत बसली.

माझ्या मनात होतं, ही गोष्ट आम्हा दोघांतच राहील. कॅम्पात गॅरेजं काही कमी नव्हती आणि मिस्त्रींचा हात गेला ही बातमी पसरायला वेळ लागला नसता. पण ते गोणपाट बाजूला करून सरळ डॉक्टरांपुढे गेले. बाकावर आणखी गिऱ्हाइकं बसलेली होती.

“साईं, आखिरी रिंग दत्तू ने चढ़ाई है. मेरा हाथ अब नहीं चलता.”

मी त्यांना बाजूला ओढलं आणि विचारलं, हे सांगायची काय गरज होती?

“रात-बेरात इस गाड़ी में डॉक्टर जाएगा, मैं नहीं,” ते म्हणाले. “उसको मालूम होना चाहिए.”

बोलताना त्यांचे हात सगळ्यांदेखत कापत होते. त्यांनी ते लपवले नाहीत.