आतोबांची मोरी

आमच्या आतोबांनी एकदा एखादी गोष्ट मनावर घेतली की काशीचा कोतवाल जो काळभैरव, त्यालाही ती बदलता येत नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. जन्म दुर्गाघाटाच्या गल्लीतला, सगळी नोकरी रेल्वेत, आणि निवृत्तीनंतरचा एकमेव उद्योग म्हणजे राहतं घर विकणं. आत्याचे गुडघे पार गेले होते. स्वयंपाकघर सगळ्यात वर, जिना अंधारा, गल्लीत रिक्षाही शिरत नाही, त्यामुळे तिला डॉक्टरकडे न्यायचं तरी दोन धडधाकट माणसं लागत. म्हणून हे विकायचं आणि गंगेपलीकडे रामनगरला मुलीच्या शेजारी तळमजल्यावर राहायला जायचं, एवढं ठरलं होतं. घेणारा सगळं पाडून गेस्ट हाउसच बांधणार, तेव्हा आहे तसं विका, असं मुलीपासून दलालापर्यंत सगळ्यांनी सांगून पाहिलं. आतोबा म्हणाले, "मळकं धोतर नेसून कुणी मुलगी बघायला जातं का? आधी घर नीट करणार, मग विकणार." माझी बँकेतली बदली बनारसला झाली तेव्हा हे नीट करणं दुसऱ्या वर्षात शिरलं होतं.

त्या काळात आतोबा कुठेही गेले तरी आधी भिंत वाजवून बघत. माझ्या भाड्याच्या खोलीत पहिल्यांदा आले, तर चहाला हात लावण्याआधी चारी भिंतींवर बोटांची पेरं आपटून झाली आणि "पोकळ आहे" असं त्यांनी घरमालकासमोरच जाहीर केलं. एका बारशाला तर पाळण्यामागच्या भिंतीला ते कान लावून उभे राहिले. रंग निवडायचा म्हणून त्यांनी बैठकीच्या खोलीत इतक्या रंगांचे पट्टे ओढून ठेवले होते की खरा रंग कुठला तेच कळेना. वाळूचं प्रत्येक पोतं गल्लीतून माणसाच्या डोक्यावर यायचं, आणि ते घाटाकडून वर चढताना आतोबा शेजारून चालत त्याला पायऱ्या सांगायचे. तो बिचारा जन्मापासून त्याच पायऱ्या चढत होता.

बरं, एवढं करून गिऱ्हाईक आलं की काय? लोक घराचे दोष झाकतात. आतोबा बुजवलेले दोष उकरून दाखवत. इथं ओल कुठवर चढायची, ही तुळई वाळवीनं कशी खाल्ली होती, हे सगळं ते अशा उत्साहानं सांगत की पाहुणा नव्या गिलाव्यापासून दोन हात लांब उभा राहायचा. आत्या आतून म्हणायची, "अहो, त्यांना पाणी तरी विचारा." मग पाणी येईपर्यंत वाळवीचा उरलेला इतिहास होई.

अशात आझमगढहून एक कुटुंब आलं. माणसं भली होती आणि घर त्यांना खरोखरच आवडलं होतं. मालकीणबाई कठडा, गच्ची, गंगेचा वारा सगळं बघून खूश होत्या. आतोबांनी हुकमाचं पान शेवटी टाकलं. "अउर सबसे बड़ी बात," ते म्हणाले, "मोरी रसोई के अंदर है। बहुत बड़ी है।" बाईंनी पदर नाकाला लावला आणि चहा न घेताच मंडळी जिना उतरली. आपल्याकडे मोरी म्हणजे भांडी घासायची, हातपाय धुवायची जागा. हिंदीत मोरी म्हणजे सरळ गटार. जन्मभर बनारसी हिंदी बोललेल्या माणसाला हे ठाऊक नसावं याचं मला नवल वाटलं, पण मग लक्षात आलं की बाहेरचं सगळं जग आतोबांना हिंदीत माहीत होतं आणि घराच्या आतलं फक्त मराठीत. मोरीबद्दल परक्याशी बोलायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

मी खुलासा केल्यावर त्यांनी निर्णय दिला. मोरी काढायची. तिथं कमरेइतका ओटा, त्यात स्टीलचं सिंक. "हल्लीच्या गिऱ्हाइकाला उभ्यानं भांडी घासायची सवय असते," ते म्हणाले. आत्या तांदूळ निवडत होती. रामनगरचा गवंडी आला, जुनी फरशी निघाली, आठवड्याभरात ओटा उभा राहिला. आतोबांनी मला मुद्दाम बघायला बोलावलं आणि स्वतः नळ सोडून दाखवला.

आत्या भिंतीला धरून आली. ओट्याच्या कडेवरून तिनं हात फिरवला. एक वाटी धुतली, पालथी घातली.

"लग्न होऊन आले तेव्हापासून सांगत होते," ती म्हणाली, "मोरी उंच करा, बसून बसून घुटने जातात. तुम्ही म्हणायचात, होत नाही, खालची भिंत कच्ची आहे." मग हळूच म्हणाली, "होत होतं की."

आतोबांनी नळ बंद केला. मला दोघांसाठीही फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दलालाला बोलावलं. जिन्याचा रंग अर्धाच झाला होता, तो तसाच राहिला. घर गेस्ट हाउसवाल्यालाच गेलं. तो स्पष्ट म्हणाला की आधी स्वयंपाकघर तोडणार. आतोबा फक्त "तोड़िए" म्हणाले. निघेपर्यंतचे दोन महिने भांडी मात्र आतोबांनी घासली, कारण आत्याला आता फार वेळ उभं राहवत नव्हतं. ती स्टुलावर बसून खरकटं कुठं राहिलं ते दाखवायची आणि हे मुकाट्यानं पुन्हा घासायचे.

जायच्या दिवशी सामान नावेत चढलं. आत्याला खुर्चीत बसवून खाली उतरवलं. आतोबा येईनात म्हणून मी वर गेलो, तर ते गमछ्यानं ओटा पुसत होते, कोपरा न् कोपरा.

"आतोबा, उद्या फोडणार आहेत हो हा," मी म्हणालो.

"फोडू देत," ते म्हणाले. "आज अजून तिचा आहे."