लोणार, हुरडा आणि सुरू न होणारं पॅनेल

बुलडाणा जिल्हा नीट पाहायचा असेल तर तिथे एखादं यंत्र सुरू करायला जा, आणि तिथल्या लोकांना ते सुरू व्हायला नको असू द्या. मी असाच पाहिला. सत्तरचं दशक सरत आलं होतं, महाराष्ट्र राज्य वयानं माझ्यापेक्षा लहान होतं आणि पुण्यातल्या एका ऑटोमेशन कंपनीत मी नुकताच सीनियर इंजिनियर झालो होतो. म्हणजे पगार थोडा वाढला होता आणि आपल्याला सगळं कळतं हा समज बराच. साखरखेर्ड्याजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात, आमचं कंट्रोल पॅनेल पोचलं होतं. "जा, बटण दाब, सही घे आणि ये," असं आमचे साहेब म्हणाले. मी दोन दिवसांचे कपडे काढले, बायकोने आठवड्याचे भरले. माझी नोकरी तिला माझ्यापेक्षा जास्त कळते.

पुण्याहून एसटीने औरंगाबाद, मग जालना, देऊळगाव राजा, सिंदखेडराजा आणि शेवटी साखरखेर्डा. प्रत्येक गाडी आधीच्या गाडीपेक्षा जुनी आणि प्रत्येक कंडक्टर आधीच्यापेक्षा बोलका. आता नवा महामार्ग सिंदखेडराजाजवळून जातो, निम्म्या वेळात पोचाल. पण देऊळगाव राजाच्या स्टँडवर उतरून मी जी गरम भजी खाल्ली, ती काही महामार्गावर मिळायची नाहीत.

जिनिंगमध्ये देविदास फिटरने माझा ताबा घेतला. त्यानेच गुलाबरावांची ओळख करून दिली. पन्नाशीचे, स्वच्छ धोतर, बोलणं कमी. भिंतीवरच्या स्विचांसमोर उभं राहून ते सगळी यंत्रं एकापाठोपाठ एक, ठरल्या क्रमाने सुरू करत आणि कुठे कापूस तुंबला की बंद करत. गाव त्यांना ड्रायव्हर म्हणायचं. आमचं पॅनेल नेमकं हेच काम आपोआप करणार होतं. त्याचा अर्थ काय होतो, हे मला तेव्हा सुचलंही नाही.

सकाळी मी पेचकस काढला तर देविदास म्हणाला, "साहेब, आज अमोशा हाय. अमोशेले नवी मशीन कोनी चालू करते का?"

"मग आज काय करायचं?"

"लोनार पाह्यलं का तुमी?"

जिनिंगच्या जीपने लोणारला गेलो. उल्केच्या धडकेने झालेलं ते प्रचंड विवर, तळाशी हिरवट खारं पाणी, काठाच्या झाडीत जुनी देवळं. गोमुखाच्या धारेखाली डोकं धरलं आणि पॅनेल विसरलो. जाणार असाल तर सकाळी लवकर जा आणि चांगले बूट घाला. चपलेवर उतरायची हौस मला चढताना महागात पडली.

दुसऱ्या दिवशी पूजेच्या नारळाची शेंडी तुटलेली निघाली. बिनशेंडीचा नारळ नव्या मशीनला चालत नाही म्हणे. नवा नारळ आणायला हिवरा आश्रमला गेलो, तिथल्या आश्रमाच्या पंगतीत बसून पोटभर जेवलो आणि परत आलो. नारळ आणायचा मात्र देविदास विसरला. त्यानंतर व्होल्टेज कमी होतं. ते मी मोजलं तेव्हा अगदी व्यवस्थित होतं, पण तेवढ्यात जेवणाची हाक आली. इकडे वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी समोर असताना वाद घालणं फार कठीण जातं.

पुण्याहून साहेबांची तार आली: काम का अडलं? कारखान्याचे शेठ खामगावहून दुसऱ्या दिवशी परतणार होते. त्याच संध्याकाळी गुलाबरावांच्या शेतावर हुरड्याचं आमंत्रण होतं. पौषातली थंडी, शेणीच्या आरावर भाजलेली कोवळी कणसं, सोबत तिळाची चटणी आणि गूळ. हुरडा खायचा तर असाच, शेतात बसून. मी तळहात चाटत होतो तेव्हा गुलाबरावांच्या पत्नी कमलबाई जवळ आल्या.

"साहेब, एक सांगू? रागाऊ नका. उद्या आमच्या शोभाले पाहाले बीबी गावचे पाव्हने येऊन राह्यले. आमी सांगतलं, पोरीचा बाप जिनिंगचा ड्रायव्हर हाय. तुमचं मशीन चालू झालं का शेठ ह्यायले कापसाच्या गठानी उचलाले धाडते. पाव्हने जाईस्तोवर थांबा ना."

गुलाबराव आरातली कणसं उलटवू लागले. देविदास घाईघाईने म्हणाला, "तसं तुमाले लोनार पाह्याचंच होतं ना, साहेब!"

मला आधी राग आला, मग हसू आलं आणि मग फार वाईट वाटलं. आणखी एक दिवस थांबलो तरी काय होणार होतं? पाहुणे होकार देऊन जातील आणि लग्नाआधीच नवरीचा बाप गाठी उचलताना दिसेल.

पहाटे पॅनेल उघडून बसलो. आमच्या आराखड्यात तुंबलेला कापूस निघाला की यंत्रं पुन्हा आपोआप सुरू होत. आणि इथे माणसं आत हात घालून कापूस काढत होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी वायरिंग बदललं. आता एकदा बंद पडलं की कोणीतरी फिरून, सगळ्यांचे हात बाहेर आहेत हे पाहून बटण दाबेपर्यंत काहीही हलणार नव्हतं. हात आधी आठवले की शोभा, ते मला विचारू नका.

शेठ भडकले. "आटोमॅटिक म्हनून घेतलं ना हे? मंग मानूस काऊन लागते?"

"एखाद्याचा हात गेला तर? माणूस नेमणार नसाल तर मी पॅनेल चालू करून देणार नाही."

"कोनता मानूस?"

"ज्याला सगळ्या यंत्रांचा क्रम पाठ आहे असा."

शेठनी स्विचांसमोर उभ्या गुलाबरावांकडे पाहिलं. मग पुटपुटले, "तो तं एकच हाय."

शेंडीचा नारळ, गंमत म्हणजे, पाच मिनिटांत सापडला. पूजा चालू असतानाच बीबीचे पाहुणे मुलीच्या बापाचं काम पाहायला जिनिंगमध्ये आले. गुलाबरावांनी एक फेरी मारली, सगळ्यांना मागे सरकवलं आणि बटण दाबलं. यंत्रं एकामागून एक घरघरत सुरू झाली.

"एका बटनात सगळं?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"हाव," गुलाबराव म्हणाले. "पन दाबाले मानूस लागते."

पुण्यात साहेबांनी बदललेला आराखडा पाहून कपाळाला हात लावला, तरी पुढच्या सगळ्या पॅनेलांत ते बटण ठेवलं. बायकोने विचारलं, काय काय पाहिलंस? मी लोणार सांगितलं, आश्रम सांगितला, हुरडा सांगितला. पुढे आयुष्यभर मी माणसाशिवाय चालणारी यंत्रं बनवली, बक्षिसंही घेतली. त्यांतली बहुतेक आता आठवत नाहीत. गुलाबराव चहाला गेले की ठप्प होणारं ते एकच यंत्र तेवढं मी अजून अभिमानाने सांगतो.